कणकेच्या अकरा गोळ्या

सकाळी सहाची धुळे-जळगाव एसटी पारोळा, एरंडोल करत करत पावणेनऊला जळगावात टेकायची, आणि तोवर नूर महंमदच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला असायचा. बासष्ट वय. खांद्याला पिशवी, पिशवीत रबरी नळी, काच घासायचा ब्रश, दोन टॉवेल आणि पांढऱ्या मण्यांची पुडी. उतरून आधी बॅटरीच्या दुकानात जायचं, तिथून डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन घ्यायचे आणि रिक्षा करून पितांबरशेठच्या बंगल्यावर. दर गुरुवारी हेच. दोन वर्षं झाली होती आणि माणूस आता खरंच कंटाळला होता.

तीस वर्षं त्यानं मुंबईच्या मत्स्यालयात काचा धुतल्या होत्या. खाऱ्या पाण्याचा स्वभाव त्याला तिथंच कळला. निवृत्तीनंतर धुळ्यात येऊन गोल्डफिशचं लहानसं दुकान टाकलं, की बाबा आता निवांत बसू. कसलं निवांत! केळीचे व्यापारी पितांबरशेठ, त्यांचा मुलगा सुकदेव मर्चंट नेव्हीत गेला. जाण्याआधी त्यानं बंगल्याच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची पाच फुटी पेटी मांडली होती. त्यात सहा मासे आणि एक जिवंत पोवळं. अंगठ्याएवढं आणलेलं ते पोवळं तीन वर्षांत पुरीएवढं झालं होतं. दिवसा त्याची हिरवी-तपकिरी फुलं उघडायची, दिवे गेले की मिटायची. भर मे महिन्यात जळगावच्या उन्हात, लाइट गेलेली असताना, पोरानं बर्फाच्या पिशव्या सोडून ते वाचवलं होतं.

निघताना सुकदेवनं नूर महंमदचे दोन्ही हात धरले होते. "चाचा, मासे मेले तरी चालतील. पण हे एवढं मी येईपर्यंत जगवा."

"जगवतो," नूर महंमद म्हणाला होता. झालं, बोलून बसला. मधे आषाढात सुकदेव एकदा पंधरा दिवसांसाठी येऊन गेला, तेव्हा पोवळं छान होतं. आता तो पुन्हा मार्गशीर्षात येणार होता. नूर महंमदनं मनाशी ठरवून टाकलं होतं की हे एक काम त्याच्या हाती जिवंत सोपवायचं आणि मग कायमची सुट्टी. पुन्हा त्या एसटीचं तोंड बघायचं नाही.

आणि नेमकं श्रावणापासून पाणी बिघडलं.

काचेच्या नळीत पेटीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी जेवढं निळं होईल तेवढं त्यात फॉस्फेट. फॉस्फेट म्हणजे काय, तर खत. शेठ केळीला घालायला लावतात ना, तेच. खतानं केळी पोसते, तसं पेटीत शेवाळ पोसतं आणि पोवळ्याच्या उरावर बसतं. ते खत शोषायला पांढरे मणी असतात. ते जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवले की महिनाभर बघायला नको. पण इथं गुरुवारी ठेवलेली पिशवी पुढच्या गुरुवारी पार संपलेली, आणि नळीतलं पाणी कपड्यांना नीळ घालावी तसं निळंशार.

"कपाळ माझं!" नूर महंमद स्वतःशीच म्हणायचा.

दगडांच्या मागं पांढरा गाळही साचत होता. त्याला वाटलं, मणी झिजून भुकटी पडतेय. म्हणून तो मणी चार-चार पाण्यांनी धुऊ लागला. मग पेटीत भर घालायचं बॅटरीचं पाणीच खोटं असेल म्हणून दुकान बदललं. माशांचं खाणं निम्मं केलं. तरी निळं ते निळंच. मुंबईत तीस वर्षं काय केलं आपण, असं त्याला रात्री वाटायचं. हात टेकले होते त्यानं.

शेठच्या बायकोला, कुंदाबाईंना, यातलं फारसं काही कळत नव्हतं. "चाचा, हे हिरवं-हिरवं पाहुण्यांना बरं दिसत नाही हो," एवढंच त्या म्हणायच्या आणि चहा पाठवायच्या.

भाद्रपदात एका बुधवारी कळलं की उद्या एसटीचा संप आहे. गुरुवारी पहाटे नूर महंमदला धुळ्याच्या बाजारात शेठचा रिकामा ट्रक भेटला, तो त्यातच बसला. बंगल्यावर पोचला तर सकाळचे साडेसात वाजलेले. घर अजून पुरतं जागं नव्हतं. दार गड्यानं उघडलं आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच नूर महंमद जागच्या जागी थांबला.

शेठची आई मंजुळाबाई पेटीपुढं पाटावर उभी होती. म्हातारी पंचाहत्तरीची, चोपड्याकडच्या गावातून दोन वर्षांपूर्वी इथं आणलेली. अंघोळ झालेली, डोक्यावर पदर. एका हातात स्टीलची ताटली, तीत कणकेच्या गोळ्या. दुसऱ्या हातानं एकेक गोळी उचलायची, कपाळाला लावायची आणि पाण्यात सोडायची. ओठ हलत होते. मासे हुंगून परत फिरत होते आणि गोळ्या हळूहळू दगडांच्या मागं जाऊन पडत होत्या.

या अल्ला! दोन महिने मणी धुतोय आपण, आणि ही भुकटी मण्यांची नव्हतीच. ही तर कणीक! नूर महंमदला एवढा संताप आला की पिशवी तिथंच आपटावी आणि परत फिरावं.

"अक्का, हे काय चाललंय?"

म्हातारी दचकली नाही. शेवटची गोळी सोडून पाटावरून उतरली. "मना नेम शे, नूरभाऊ. रोज अकरा. गावले व्हतू तवय तापीमाईना मासासले टाकत व्हतू. आठे मेहरूनना तलावपावत मना पाय जातस का?"

"पण यांना ती पचत नाही. तळ्यातले मासे वेगळे, हे वेगळे."

"पचस का नही ते देवले ठाऊक. सुकदेव त्या पानीवर शे ना. हाईबी तेच पानी."

"बरं, पाच टाका. पाच पुरेत ना?"

"देवसंगे घासाघीस करतस का, भाऊ?" ती हसली. मग खुर्चीच्या पाठीला धरून हळूच म्हणाली, "एकच दिन चुकना मना. ताप उना व्हता. त्याच दिन फोन उना, का जहाजनं इंजिन बंद पडनं, दोन दिन लाटासवर शे. आते मी नही चुकाव."

त्या फोनचं कुंदाबाईंनी नूर महंमदलाही सांगितलं होतं. तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. आता हिला काय सांगणार? की अक्का, तुमच्या गोळ्यांनी नातवाचं पोवळं मरतंय? मग एक तर ही गोळ्या बंद करेल आणि रोज फोनच्या आवाजाला मरेल, नाहीतर गोळ्या टाकेल आणि रोज पोवळ्याकडं बघून मरेल. तो डोकं खाजवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "गोळ्या जरा बारीक करा, अक्का. ज्वारीच्या दाण्याएवढ्या. देवाला आकड्याशी मतलब, आकाराशी नाही."

हे तिला पटलं. आठ दिवस गोळ्या ज्वारीएवढ्या राहिल्या. मग तिलाच चोरट्यासारखं वाटू लागलं असावं, कारण नवव्या दिवसापासून त्या पुन्हा बोराएवढ्या झाल्या.

घरात त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुंदाबाई सासूला बोलल्या असत्या, म्हातारीचं घरातलं होतं नव्हतं तेवढं काम गेलं असतं. म्हणून त्यानं कणकेशी आपणच झुंजायचं ठरवलं. गुरुवारबरोबर सोमवारीही येऊ लागला. नळीनं दगडांमागचा लगदा ओढून काढायचा, मण्यांची पिशवी बदलायची, शेवाळ ब्रशनं खरवडायचं. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाइनची नळी आणली आणि खायच्या चुन्याची निवळी थेंबथेंब पेटीत सोडून पाहिली, तिनंही थोडं फॉस्फेट खाली बसतं. आठवड्यातून चार वेळा एरंडोल बघायचं म्हणजे गुडघ्यांचे नुसते हाल. बायको म्हणाली, "अजी, दगडासाठी जीव देताय काय?" तो पाय चोळत बसला.

आणि खरंच, दिवाळीपर्यंत पाणी फिकं होत आलं. पोवळ्याची एक बाजू पुन्हा उघडली. त्या सोमवारी तो पेटीपुढं खुर्ची ओढून अर्धा तास नुसता बघत बसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं!

पण पांढरे मणी संपले. मुंबईचा दुकानदार फोनवर म्हणाला, बाहेरून माल आलेला नाही, महिना लागेल. नूर महंमदनं पुण्याला विचारलं, सुरतेला विचारलं. कुणाकडं नाही. चुना एकट्यानं पुरणारा नव्हता. कणीक मात्र रोज येत होती, अकरा गोळ्या, एकही चुकली नाही. तीन आठवड्यांत शेवाळ पोवळ्यावर चढलं. चौथ्या सोमवारी त्यानं हळूच ते बाजूला केलं, तर खाली पांढरंफटक हाड होतं. तो तसाच ओल्या हातानं बसून राहिला. कुंदाबाईंनी पाठवलेल्या चहावर साय धरली.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुकदेव आला. नूर महंमदला तोंड चुकवता आलं असतं, पण तो मुद्दाम आला. पोरानं आईच्या पाया पडून, आजी देवघरात आहे असं कळल्यावर, बूटही न काढता पेटी गाठली. वाकून पाहिलं. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"चाचा, हे काय?"

"गेलं, बाबा."

"कसं गेलं?"

"माझ्या हातून. नजर राहिली नाही आता. खाणं जास्त पडलं असेल."

सुकदेवनं दगडामागं हात घातला आणि मूठभर पांढरा लगदा वर काढला. त्याचा चेहरा लाल झाला. "जास्त? हे जास्त? चाचा, पोती ओतत होता का तुम्ही? मी तुमच्या भरवशावर गेलो होतो. तीस वर्षं काय केलंत मुंबईत?"

तो प्रश्न नूर महंमदनं स्वतःला शंभरदा विचारला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार लागला. तो रबरी नळीची गुंडाळी करू लागला.

"जाऊ दे रे," कुंदाबाई म्हणाल्या. "म्हातारे झालेत ते." हे तर त्याहून लागलं.

"काय जास्त पडनं?"

देवघराच्या दारात मंजुळाबाई उभी होती. हातात ताटली; नातवाच्या येण्याच्या गडबडीत आज गोळ्या टाकायला उशीर झाला होता. सुकदेवच्या मुठीतला लगदा तिनं पाहिला, मग पेटीतलं पांढरं हाड पाहिलं, मग नूर महंमदकडं पाहिलं.

"नूरभाऊ, ते मन्या गोळ्यासनी मरनं का?"

"अक्का, तुम्ही आत जा बरं," नूर महंमद चिडून म्हणाला. तीन महिन्यांचं झाकलेलं असं हॉलच्या मधोमध उघडं पडत होतं. "तुम्हाला कुणी विचारलंय?"

"मीच टाकस त्या गोळ्या, सुकदेव. रोज. ह्यासले ठाऊक व्हतं. हाई माणूस माले एक शबद बोलना नही."

सुकदेवच्या हातातला लगदा फरशीवर गळत होता. "आजी, समुद्राच्या पाण्यात कणीक? कुणी सांगितलं तुला हे?"

"तूच. आषाढमा जाताना तूच सांगेल ना माले, का आजी, हाई समुद्रनंच पानी शे, मी आठेच शे असं समज." तिनं ताटली छातीशी धरली. "मंग मी तसंच समजनू. तू तठे जेवस का नही, माले काय ठाऊक? मी रोज तुलेच जेवाडस, रे बाप."

पेटीची मोटार तेवढी गुरगुरत होती. सुकदेव बुटांसकट आजीपुढं खाली बसला. ताटलीतली एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली. कच्ची कणीक दाताला चिकटली, तरी गिळली. मग दुसरी उचलली. म्हातारीनं ताटली त्याच्या हातून ओढून घेतली आणि तिसरी आपल्या हातानं भरवली. दोघं रडत होती आणि कुंदाबाई पदरानं फरशी पुसत होत्या.

नूर महंमद त्यांच्याकडं पाठ करून फिल्टरपाशी गेला. मण्यांची रिकामी पिशवी काढली, पिळली. आता ती कचऱ्यात टाकायची आणि साडेअकराची एसटी धरायची, एवढंच उरलं होतं. आज कायमचं सुटायचं होतं त्याला.

"चाचा," मागून सुकदेव म्हणाला. घशात कणीक अडकली होती. "चुकलो. मला माफ करा."

"परत कधी जायचंय तुला?"

"फाल्गुनात."

नूर महंमदनं आजीकडं पाहिलं. ती ताटलीत उरलेल्या गोळ्या बोटानं मोजत होती. त्यानं मोठा सुस्कारा सोडला, पिशवी झटकली आणि घडी करून आपल्या खिशात ठेवली.

"मग त्याआधी मुंबईहून मणी आणून ठेव," तो म्हणाला. "चांगले वर्षभराचे आण."