उतरवलेलं मीठ

गुरुवारी सकाळी भुजंगरावांच्या घराशेजारच्या बोळात पाय ठेवायला जागा नसे, आणि जागा मिळाली तरी पाय घोट्यापर्यंत चिखलात जाई. तरी माणसं रांग सोडत नसत. निम्मं हसनाबाद, भोकरदनकडून आलेले पाहुणे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळे चपला हातात धरून पुढे सरकत. बोळाच्या तोंडाशी पिंपातल्या पाण्यानं पाय धुवायचे, मूठभर खडेमीठ स्वतःवरून सात वेळा उतरवून ते भिंतीच्या पायाशी टाकायचं, वर तांब्याभर पाणी ओतायचं आणि मग पुढच्या दारानं घरात शिरून त्याच भिंतीला आतल्या अंगानं आलेली विभूती घ्यायची, असा विधी होता. पाय धुऊन पुन्हा चिखलात का शिरायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

विभूती मात्र खरोखर येत होती. आतल्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली होती आणि ओलीच्या वरच्या काठाला पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी भुकटी फुलली होती. ती पुसून घेतली की दोन दिवसांत पुन्हा फुले. शेजारी पाटावर सोमेश्वर महाराज बसलेले असत. ते थेट हिमालयातून आले होते, असं ते सांगत. त्यांची मोटारसायकल बीडची होती.

"भिंत ओली न्हाई बाबांनो, भिंत तप करून राह्यली," महाराज समजावत. "पृथ्वी आन् आप यांची गाठ पडली की तेज प्रकट होतं. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मशीन लावून पाह्यली. मशीनच बंद पडली."

कोणती मशीन, कधी लावली, हेही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर अर्पितानं. भुजंगरावांची ही सून नव्या जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत बी किती उगवतं ते तपासायचं काम करी. गुरुवारी दर्शनाची गर्दी जमायच्या आत ती एसटीत बसलेली असे, त्यामुळे घरातला देव तिला रविवारीच भेटे.

देव यायच्या आधी त्या भिंतीला घरात नुसती ओल म्हणत. भुजंगरावांनी तिच्यावर सगळे उपाय केले होते. आधी रंग दिला, तो पापडासारखा सुटला. मग महागाचा रंग दिला, तो महागात सुटला. शेवटी तिच्यापुढे कपाट ठेवलं आणि ओल दिसेनाशी झाली. वर्षभरानं कपाटाची पाठ गळून पडली.

खरं दुखणं बोळात होतं. बोळाच्या पलीकडे गोपीकिशन शेठचं किराणा दुकान आणि त्यांचं गोदाम. बोळ कुणाचा, हा वाद दोन घरांत चौदा वर्षं चालू होता. ज्यानं फरशी टाकली त्यानं बोळ बळकावला असं दुसरा म्हणणार, म्हणून कुणीच फरशी टाकत नव्हतं. दोन्ही घरांच्या न्हाणीचं पाणी मात्र वाद न घालता तिथंच जाई. त्यात समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि हातभर उंच झाला, तेव्हा पावसाळ्यात गावाचं पाणीही बोळात मुक्कामाला येऊ लागलं.

दसऱ्यानंतर सोमेश्वर महाराज भिक्षेला आले. उषाबाई, म्हणजे अर्पिताची सासू, दारात येणाऱ्या प्रत्येकाला ओलीवर उपाय विचारत. महाराजांनी भिंत पाहिली, खालचा उखडलेला गिलावा नखानं कोरून पाहिला आणि सांगितलं, की घराला गावाची नजर लागलीय, मीठ उतरवून भिंतीच्या पायाशी टाका. एरवी आपण उतरवलेलं मीठ चुलीत नाही तर वाहत्या पाण्यात टाकतो. भिंतीशी टाकायची रीत उषाबाईंनी पहिल्यांदाच ऐकली, पण महाराज सांगतात तर असेल. पंधरा दिवसांत भिंतीतून विभूती निघाली, आणि मग अख्खं गावच आपली नजर तिथं आणून टाकू लागलं.

उषाबाईंचा गावात मान वाढला. चाळीस वर्षं त्या चुलीशी होत्या, आता बाया त्यांच्या पाया पडत. अर्पिताला ते बघून बरंही वाटे. मनातल्या मनात ती चरफडे, पण सासूच्या तोंडावरचं हसू मोडायला जीभ रेटत नसे. नवरा कल्याण आईपुढे आईसारखी आणि बायकोपुढे बायकोसारखी मान डोलवी.

पण एका रविवारी तिला उषाबाईंच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी सापडली. उषाबाईंना रक्तदाबाचा त्रास होता. दोन वर्षं गोळ्या चालू होत्या आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. वरण फिकं, भाजी फिकी, आणि त्यावर त्यांची रोजची कुरकुर. अलीकडे कुरकुर बंद झाली होती, हे अर्पिताच्या तेव्हा ध्यानात आलं. पायही सुजलेले दिसले.

"आत्याबाई, गोळ्या का घेत न्हाई?"

"महाराज म्हणले, दोन औषधं एका ठायी नांदत न्हाईत. मी विभूती घेते की सकाळ-दुपार-सांच्याला. चिमूट चिमूट."

"कशी लागती?"

"अमृत गं." उषाबाईंचे डोळे भरून आले. "दोन वर्षांत तोंडाला पहिल्यांदा चव आली बघ."

अर्पितानं भिंतीवरची भुकटी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली आणि लगेच थुंकली. ते मीठ होतं, जरासा चुना मिसळलेलं. प्रयोगशाळेत ती रोज ओल्या कागदात बी गुंडाळून पाण्याच्या ताटलीत उभं करी. ताटलीतलं पाणी कागदातून आपोआप वर चढे. विटेची भिंत त्या कागदासारखीच वागते, हे तिला उमगलं. तिनं सासूला सगळं समजावून सांगितलं. उषाबाईंनी कानावर हात ठेवले, भुजंगराव तंबाखू मळत राहिले आणि कल्याणनं मान डोलवली.

मग ती बोळ ओलांडून गोपीकिशन शेठकडे गेली. शेठची बायको भगवतीदेवी महिनाभर रुसून बसली होती. बोळ एकच, चिखल एकच, गोदामाची भिंतही तितकीच ओली, पण तिथं देव आला नव्हता. तिनं महाराजांना कारण विचारलं होतं, तर ते चारचौघांत म्हणाले की व्यापाऱ्याच्या घरात भक्ती कमी पडते. चार पिढ्यांपासून रोज पूजा चालणाऱ्या घरातल्या बाईला हे लागणारच. तिला दोन रात्री जेवण गेलं नव्हतं.

"काकू, गोदामाच्या भिंतीशी रोज दोन मुठी मीठ आन् दोन तांबे पाणी टाका," अर्पिता म्हणाली. "पण नजर उतरवू नका. देवाचं नाव तर बिलकुल घेऊ नका."

"मंग तोंडानं काय म्हणू? नुसतं कसं टाकायचं?"

"काही म्हणायचंच असलं तर दुकानाची यादी म्हणा."

भगवतीदेवी मनापासून हसली. त्या दिवसापासून पहाटे बोळात दोन तांबे पाणी जास्तीचं पडू लागलं.

तिसऱ्या आठवड्यात उषाबाई न्हाणीतून बाहेर येताना भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि मीठ खाता का म्हणून दरडावून विचारलं. उषाबाईंनी शपथ घेतली की मिठाला शिवले न्हाई. डॉक्टर अर्पिताला बाजूला घेऊन म्हणाले, की असंच चाललं तर आज ना उद्या यांचं एक अंग लुळं पडेल. घरी आल्यावर महाराजांनी वेगळंच निदान केलं. शरीरातली घाण बाहेर पडतेय, ते म्हणाले, विभूती दुप्पट करा. आणि येत्या गुरुवारी उषाबाईंनी सगळ्या गोळ्या भिंतीच्या पायाशी विसर्जित कराव्यात, सगळ्या गावासमोर. उषाबाईंनी हात जोडून होकार दिला. अर्पितानं गुरुवारची रजा टाकली. तिला त्या रात्री भीतीनं झोप लागली नाही.

गुरुवारी उषाबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर गोळ्यांची पिशवी घेऊन भिंतीशी बसल्या. महाराजांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात दारात भगवतीदेवी येऊन उभी राहिली.

"महाराज, आमच्याकडं बी आली," ती म्हणाली.

महाराजांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग ते प्रसन्न हसले. "येणारच. मी म्हणलोच होतो. चला, दर्शन घेऊ."

सगळी गर्दी गोदामाकडे गेली. उषाबाईही पिशवी हातात घेऊन, अर्पिताच्या खांद्याला धरून गेल्या. साबुदाण्याच्या पोत्यांमागे कमरेइतक्या उंचीवर भिंत पांढरी झाली होती, भुजंगरावांच्या भिंतीपेक्षाही दाट. महाराजांनी चिमूट घेतली, कपाळाला लावली, जिभेवर ठेवली आणि मान डोलावली.

"साक्षात तीच," ते म्हणाले.

"महाराज, नीट पाह्यलं ना?" अर्पितानं विचारलं. "बराबर तीच?"

"बाई, हिमालयात बारा वर्षं काढली मी. तीच, रतीभर फरक न्हाई."

"मंग काकूंना विचारा, त्यांनी कोणता मंत्र म्हणला."

भगवतीदेवीनं पदर नीट केला. "जिरे, मोहरी, साबुदाणा, कापूर," ती शांतपणे म्हणाली. "मंग परत पहिल्यापासून. रोज दोन मुठी मीठ टाकलं, दोन तांबे पाणी. नजर उतरवली न्हाई, देवाचं नाव घेतलं न्हाई. ह्या पोरीनं तसं सांगितलं होतं."

 अर्पितानं मोजक्या शब्दांत सांगितलं. खाली मीठ टाकून पाणी ओतलं की ते खारं पाणी वीट पिते आणि वर चढवते. वर पोहोचलं की पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि मीठ तिथंच राहतं. आपल्याकडे याला लोणा म्हणतात, जुन्या घरांना लागतोच. तुम्ही पाय धुतलेलं पाणीही त्याच बोळात जातं, म्हणून जितकी गर्दी जास्त तितकी विभूती जास्त.

महाराज डगमगले नाहीत. "बघा," ते गर्दीला म्हणाले, "नाव न घेता बी देव आला. किती दयाळू म्हणायचा."

आणि गर्दीतल्या काही माना खरोखर हलल्या. अर्पिताला रडू यायचं बाकी राहिलं. मग ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, घडीभर महाराजांचं खरं धरा. मीठ उतरवलं की माणसाची नजर मिठात येती ना?"

"येती," उषाबाई म्हणाल्या.

"ते मीठ आपण चुलीत टाकतो. ते कुणी खातं का?"

"खुळी का काय? दुसऱ्याची नजर कोण खाईल?"

"मंग ह्या सगळ्यांनी उतरवलेलं मीठ भिंतीत गेलं, आन् दुसऱ्या अंगानं निघालं. दोन महिने झाले, गावाची नजर तुम्ही चाटून राह्यलात. सकाळ-दुपार-सांच्याला."

आधी एक बाई थुंकली. मग तिच्या मागची थुंकली. मग गोपीकिशन शेठला हात जोडून सांगावं लागलं, की बाबांनो, बाहेर जाऊन थुंका, इथं साबुदाणा आहे. एवढ्या गडबडीत शेठ महाराजांकडे निरखून बघत होते. चार वर्षांपूर्वी ओल बंद करायची पावडर विकायला तुम्हीच आल्ता ना, त्यांनी विचारलं, तेव्हा दाढी नव्हती. त्या पावडरीनं ओल गेली नव्हती. कल्याणनं आयुष्यात पहिल्यांदा मान न डोलवता पोलीस चौकीला फोन लावला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि हिमालय बीडच्या दिशेनं निघून गेला.

उषाबाई पोत्यावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा अर्पिताला बघवेना. बाया पाया पडायच्या, ते आता संपलं होतं, हे दोघींनाही कळत होतं. शेवटी त्यांनी पिशवीतून एक गोळी काढली आणि भगवतीदेवीकडे पाणी मागितलं. गोळी त्यांनी गिळून टाकली, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण चव लई छान होती गं."

त्याच आठवड्यात भुजंगराव आणि गोपीकिशन शेठ बोळात उभे राहून अर्धा तास बोलले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. बोळ कुणाचा हे अजून ठरलेलं नाही. पण दोघांनी मिळून त्यात उताराची फरशी टाकली, न्हाण्यांचं पाणी नळीतून गटारीला नेलं, आणि दोन्ही भिंतींचा खारा गिलावा कमरेपर्यंत खरवडून वीट उघडी ठेवली. उन्हाळ्यात भिंती वाळल्या. त्यासाठी कुणालाही तप करावं लागलं नाही.

अजूनही एखाद्या गुरुवारी लांबच्या गावाहून कुणी विभूती मागत येतं. परवा एक बाई आली, आजारी नवऱ्याची औषधं बंद केलेली. उषाबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, फिका चिवडा दिला आणि आपल्या गोळ्यांचं पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"आमच्या भिंतीत देव आला नव्हता माय, पाणी आल्तं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला आजच दवाखान्यात ने. आन् भिंतीतून काही निघालं तर पाया पडायच्या आधी मागच्या अंगाला जाऊन बघ, कोण काय ओतून राह्यलंय."

बाईनं वाकून नमस्कार केला. उषाबाईंनी तिला उठवलं आणि पाच वाजताच्या एसटीत बसवून दिलं.