मोठी चाकं

यल्लाप्पाने स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं तसा पुढचा टायर मडगार्डला जाऊन भिडला. रबर कुईंकन वाजलं.

"घासतंय बघ. काय म्हनलतो मी?"

"मडगार्ड काप," नागोजी म्हणाला.

"कापू?"

"काप म्हंतोय न्हवं."

बेळगावजवळ मच्छ्यात हमरस्त्याला लागून यल्लाप्पाचं गॅरेज होतं. पत्र्याची एक शेड, बाहेर जांभळाचं झाड आणि त्या झाडाखाली जॅकवर उचलून ठेवलेली नागोजीची जीप. ती मिलिटरीतून निकालात निघून त्याच्याकडे आली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मूळचा हिरवा रंग बॉनेटच्या आतल्या बाजूला तेवढा शिल्लक होता. आणीबाणी उठल्यानंतरचा तो उन्हाळा. बेळगावात डिस्पोजलच्या मालात एका मोठ्या मिलिटरी गाडीची चाकं आली आहेत, असं नागोजीच्या कानावर आलं आणि तो आपल्या गावाहून, जांबोटीहून, पहिल्या बसने जाऊन ती घेऊन आला. चाकं कसली, दळायची जातीच होती. उभी केली की त्याच्या कमरेला लागत. टायरच्या खोल खाचांतून तो पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होता.

"चिखल कसा धरून ठेवतील बघ, यल्लाप्पा."

चाकं जीपला सरळ बसणारी नव्हती. रिमची भोकं ड्रमच्या बोल्टांना जुळत नव्हती. यल्लाप्पाने शेजारच्या लेथवरून जाड लोखंडी प्लेटी करून आणल्या. आधी ड्रमवर प्लेट आणि मग प्लेटवर चाक. गाडी उंच व्हावी म्हणून स्प्रिंगमध्ये जादा पाटे घातले. हे सगळं त्याने मन लावून केलं, पण त्याची कुरकूर चालूच होती.

"बेड रं नागोजी, बेड. नको म्हंतो मी. प्लेट आली म्हंजे मधी एक जोड वाढला. डांबरी रस्त्यावर कायबी हुनार न्हाय. पर तुझी ती वाट..."

"त्या वाटंसाठीच तर चाललंय हे."

यल्लाप्पाला ते ठाऊक होतं. त्याने गॅसकटर पेटवला आणि मडगार्डाची कड कापायला घेतली.

ती वाट जांबोटीहून वरल्या वाडीला जाई. जंगलातून, एक ओढा ओलांडून, मग खडा चढ. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल जात की जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचं. वरली वाडी हे नागोजीच्या बायकोचं, मालुबाईचं माहेर. मागच्या पावसात तिची आई सोनुबाई तापाने फणफणली होती. तिला आणायला निघालेली जीप ओढ्याच्या अलीकडेच पोटावर बसली. चाकं चिखलात नुसती गरगरत राहिली. नागोजीने फावड्याने माती उकरली, फांद्या घातल्या, शेवटी जीप तिथेच सोडून तो चालत वर गेला. पोचला तेव्हा अंगणात मयताला माणसं गोळा झाली होती आणि मालुबाईचा भाऊ रवळू उंबऱ्यावर बसून होता. त्याला बघून रवळू एवढंच म्हणाला होता, "दाजी, लई भिजलासा. आत या."

मालुबाईनेही त्यावरून कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर नागोजीला बरं वाटलं असतं.

मोठ्या चाकांची जीप पहिल्या पावसाळ्यात वाडीवर पोचली तेव्हा लोक बघायला आले. सुलाबाई म्हणून एक म्हातारी होती. ती जीपभोवती फेरी मारून म्हणाली, "आगं बाई, ही तर हत्तीवानी दिसती. ह्यात चढायचं कसं रं, बाबा?"

चढायला खरंच अवघड होतं. नागोजी एक लाकडी पाट बरोबर ठेवू लागला. म्हाताऱ्या माणसांना रवळू काखेत हात घालून उचलायचा आणि अलगद आत ठेवायचा. रवळू अंगापिंडाने दणकट, हसतमुख आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. जीपचं त्याला मालकापेक्षा जास्त कौतुक होतं. ओढ्यातून गाडी पाणी कापत निघाली की तो मागच्या दांडीला धरून उभा राही आणि ओरडे, "हाना दाजी, हाना!"

त्या पावसात आणि पुढच्याही पावसात जीप एकदाही पोटावर बसली नाही. भाताची पोती खाली आली, शाळेचे मास्तर वर गेले, एक अडलेली बाई वेळेत बेळगावला पोचली आणि मुलगा घेऊन परत आली. चढावर मात्र इंजिन धापा टाकायचं. मोठं चाक फिरवताना त्याचा जीव मेटाकुटीला येई. नागोजी त्याला सांभाळून घ्यायचा. निघण्याआधी पान्याने प्रत्येक चाकाचा नट आवळून बघितल्याशिवाय तो गाडीत बसत नसे. वाडीवर पूर्वी आजारी माणसाला कांबळ्याच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन पायवाटेने जांबोटीला आणायचे. जंगलातली ती पायवाट जवळची होती. पण झोळीचे बांबू आता कोणी गुरांच्या कुडाला लावून टाकले होते.

श्रावणात एका सकाळी मष्णू धावत जांबोटीला आला. वाडीवरचा, रवळूच्या शेजारचा. धोतर चिखलाने माखलेलं, दम लागलेला.

"रवळूला... अस्वलानं..."

रवळू आळंबी काढायला रानात गेला होता. पिलाबरोबरची अस्वलीण जाळीतून अंगावर आली. लोकांनी आरडाओरडा करून तिला हाकललं, पण तोवर तिने त्याचं तोंड ओरबाडून काढलं होतं.

"जित्ता हाय?" नागोजीने विचारलं.

"हाय. बोलतोय. जीप घेऊन ये म्हनला."

नागोजीने नट तपासले. घाईतही तपासले. मालुबाई पदर खोचून पुढे येऊन बसली, मष्णू मागे. ओढा भरला होता तरी जीप त्यातून निघाली, चढ चढली, वाडीत पोचली. रवळूला घोंगडीवर निजवलं होतं. चेहऱ्यावर कोणीतरी धुतलेलं धोतर गुंडाळलं होतं आणि ते लाल झालं होतं. मालुबाईने ते बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

"दाजी आलं न्हवं?" धोतरातून आवाज आला. "म्या म्हनलतो, जीप येईल."

माणसं बरोबर यायला निघाली होती. नागोजीनेच नको म्हटलं. परतीला ओढ्यापलीकडच्या चढावर वजन जड होईल. "मष्णू बास हाय," तो म्हणाला. "तुम्ही हितंच ऱ्हावा."

खाली येताना ओढा पुन्हा पार झाला. पलीकडे जांबोटीच्या अंगाला एक आखूड पण खडा चढ होता. नागोजीने खालचा गिअर घातला. जीप गुरगुरत वर निघाली आणि अर्ध्या चढावर मागे काहीतरी कडाडलं. गाडी उजवीकडे खचली, ड्रम दगडावर आपटला. मष्णू ओरडला. मालुबाईने मागे वळून रवळूला धरलं.

नागोजी खाली उतरला. उजवीकडचं मागचं चाक जागेवर नव्हतं. प्लेटीचे बोल्ट कापल्यासारखे तुटले होते. चाक उभंच्या उभं, आल्या वाटेने खाली निघालं होतं. ते घाईतही नव्हतं. वळणावर थोडं कललं, सावरलं आणि ओढ्यात उतरलं. लोंढ्याने त्याला आडवं केलं आणि ओढून नेलं. नागोजी उभा राहून बघत होता. त्याला वाटत होतं आपण पळत जावं. पण पळत जाऊन तरी काय करणार होता?

"दाजी, काय झालं? थांबलासा का?"

"चाक निघालं."

"मग बसवा की."

मालुबाईच म्हणाली, "गप पड, रवळू. बोलू नगं."

त्यांनी जीपचा ताडपत्रीचा टप सोडला, एक फांदी तोडली आणि झोळी केली. खांदा द्यायला दोघंच. पुढे मष्णू, मागे नागोजी. मालुबाई भावाचं डोकं सावरत बाजूने चालत होती. थोडं चाललं की थांबावं लागे. पाय घसरे. फांदी ओली, हातातून निसटायची. रवळू आधी बोलत होता, मग कण्हू लागला, मग तेही थांबलं. मष्णू एकदा खांदा बदलताना हळूच म्हणाला, "म्या पळत यायच्या ऐवजी समद्यांनी मिळून त्याला पायवाटंनंच आनलं असतं, तर कवाच पोचलो असतो." आणि मग नागोजीच्या तोंडाकडे बघून घाबरून म्हणाला, "तसं न्हवं दाजी. मला तसं म्हनायचं न्हवतं."

जांबोटीत पोचले तेव्हा बेळगावची बस निघून गेली होती. लाकडाच्या एका ट्रकवाल्याने त्यांना घेतलं.

रवळू वाचला. बेळगावच्या दवाखान्यात कितीतरी दिवस राहिला. एक डोळा अस्वलिणीने जागीच नेला होता. दुसऱ्यासाठी डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, पण जखम चिघळली होती. एका सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या आणि तोही गेला म्हणून त्यांनी सांगितलं. मालुबाई भिंतीला टेकून खाली बसली. नागोजी बाईंच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेला.

"बाई, जरा आदी आनलं असतं तर?"

बाई थांबल्या. दमलेल्या दिसत होत्या.

"ते कसं सांगणार हो आता? कदाचित राहिला असता. कदाचित नसताही."

त्याला दोन्हींपैकी एक हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

पाऊस उघडल्यावर यल्लाप्पा मच्छ्याहून सामान घेऊन आला. चढावर कललेल्या जीपजवळ बसून त्याने तुटके बोल्ट हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. "मी म्हनलतो," असं तो म्हणेल म्हणून नागोजी वाट बघत होता. पण तो म्हणाला, "माझंच काम ते. म्याच लावलतो." नागोजी म्हणाला, "म्याच लाव म्हनलतो." यल्लाप्पाने उरलेली मोठी चाकं उतरवली आणि जुनी, लहान चाकं बसवली. कापलेल्या मडगार्डात ती आता फारच बारकी दिसत होती.

वाडीवरून कोणी बोल लावायला आलं नाही. उलट सुलाबाईने निरोप पाठवला, की नागोजीने पुन्हा मोठी चाकं घालावीत, फुडच्या साली पाऊस लई हाय म्हंत्यात. नागोजीने जीप जांबोटी-बेळगाव रस्त्यापुरतीच ठेवली. वाडीला जायचं झालं की तो पायवाटेने चालत जाई. रवळू दारात बसलेला असे. पावलांच्या आवाजावरून ओळखायचा आणि म्हणायचा, "या दाजी." पूर्वीसारखाच बोलायचा, फक्त मधेच कधी थांबून, समोरचा अजून आहे ना म्हणून कानोसा घ्यायचा.

पुढच्या पावसात भावाच्या शेतात लावणीला मदत करायला मालुबाई आणि नागोजी वाडीवर गेले. बायका रांगेत वाकून रोपं लावत होत्या. रवळू काठीने बांध चाचपत आला आणि म्हणाला, "मलाबी एक मूठ द्या." सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मालुबाईने रोपांची जुडी त्याच्या हातात दिली आणि त्याला चिखलात उतरवलं.

तो लावत निघाला. डाव्या हाताच्या विती घालून अंतर बघायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने रोप दाबायचा, एक पाऊल मागे सरायचा. रोपं घट्ट बसत होती. पण ओळ हळूहळू वळत होती, शेताचा मधला भाग सोडून बांधाकडे. बायकांचे हात थांबले.

रवळू कंबर सरळ करायला उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या मिटलेल्या पापण्यांवरून खाली ओघळत होतं.

"दाजी, वळ सरळ आलीया न्हवं?"

बांधावर उभ्या असलेल्या नागोजीने ती ओळ बघितली.

"व्हय," तो म्हणाला. "सरळ आलीया."

"मग बांदावरच ऱ्हायलासा का? या की."

नागोजीने धोतर वर खोचलं, जुडी उचलली आणि चिखलात उतरला. रवळूच्या शेजारी वाकून तो आपली ओळ लावू लागला. रवळूची ओळ जशी वळत गेली होती, तशीच वळवत.