लव्हॉनची काडतुसं

बिटररूटच्या खोऱ्यात शेजारी एकमेकांना काहीही देतात. ट्रक देतात, लाकडं फोडायचं यंत्र देतात, फ्रीजरमधलं एल्क हरणाचं मटण देतात. रॉयस टिल्टनने तर आजवर स्वतःची कवळी सोडून सगळं उसनं दिलं आहे. पण घरी भरलेलं काडतूस मात्र कुणी कुणाला देत नाही, आणि कुणी दिलंच तरी दुसरा ते आपल्या रायफलीत घालत नाही. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी आणायची, तिला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू ओतायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची, एवढंच ते काम. पण ते करताना माणसाचं लक्ष कामात होतं की बायकोच्या बोलण्यात, हे बाहेरून दिसत नाही. आणि झाडताना गाल आपला टेकलेला असतो, त्याचा नाही.

डेलबर्ट सोरेनसनचं लक्ष नव्हतं, असं म्हणायची मात्र कुणाची छाती झाली नसती. गॅरेजमधल्या त्याच्या बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा असायचा, रेडिओ बंद असायचा, आणि दारू ओतताना कुणी तोंड उघडलं तर तो अशा नजरेने बघायचा की मांजरसुद्धा उठून जायचं. त्याची बायको लव्हॉन चाळीस वर्षं त्याचीच काडतुसं झाडत आली होती.

"दुकानातलं काडतूस म्हणजे दुकानातला पाव," डेल म्हणायचा. "पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

लव्हॉनला दोन्हींत काडीचा फरक कळत नसे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दोघं क्लबच्या मैदानावर नेम धरायला गेली. एल्कच्या शिकारीचा हंगाम महिन्यावर आला होता. लव्हॉनने चाप ओढला आणि धडाम व्हायच्या जागी नुसतं फुस्स झालं. ती जागची हलली नाही. नळी समोरच ठेवून थोडी थांबली, मग खटका मागे ओढला. पुंगळी बाहेर आली, गोळी आत अडकली होती. पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी दोन बोटं पुढे सरकून नळीत रुतली होती. तिच्यामागे आणखी एक काडतूस झाडलं असतं तर रायफल फुटून लव्हॉनच्या तोंडावर आली असती.

डेल शेजारच्या बाकावर कानांवर आवाज रोखणारी झाकणं चढवून रॉयसशी वाऱ्यावरून हुज्जत घालत होता. त्याला काहीच कळलं नाही.

"मी आवरते," लव्हॉन म्हणाली. "खांदा दुखतोय."

"म्हातारी झालीस."

"आणि तू काय पाळण्यात आहेस?"

घरी आल्यावर डेल आरामखुर्चीत घोरायला लागला तशी ती गॅरेजमध्ये गेली. गज घालून तिने अडकलेली गोळी काढली आणि डब्यातली उरलेली काडतुसं एकेक करून तराजूवर ठेवली. आणखी दोन हलकी निघाली. ती तिथेच उपड्या बादलीवर बसली. गेल्या हिवाळ्यापासून डेल किल्ल्या विसरायचा, शेजाऱ्यांची नावं विसरायचा, आणि ती ते हसण्यावारी न्यायची. हे हसण्यावारी नेण्यातलं नव्हतं. सांगावं तर त्याचं ते बाक सुटणार, आणि त्या बाकावाचून डेल कसला असेल याची तिला कल्पनाच करवेना. न सांगावं तर एखाद्या दिवशी डोळा जाणार, नाहीतर जीवच. तिने तो डबा पिठाच्या बरणीमागे दडवला आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "मला शिकव."

"काय?"

"काडतुसं भरायला."

डेलने चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस वर्षं म्हणत आलीस, गॅरेजला वास मारतो म्हणून."

"अजूनही मारतो. शिकवतोस की नाही?"

डेलला आभाळ ठेंगणं झालं. शिकवायला तो अगदी भयंकर होता. गोळी दाबायच्या साध्या तरफेवर त्याने अर्धा तास प्रवचन झोडलं, आणि लव्हॉनने बोट चुकीच्या जागी ठेवलं तेव्हा "अगं, ते काय पोळपाट आहे का?" म्हणून ओरडला. पण हात सफाईने चालत होते. लाकडी पाटावर पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या आणि तो एकेकीत दारू ओतत निघाला होता. तिला वाटायला लागलं, झालं असेल एखाद्या वेळी, कुणाचं होत नाही?

तेवढ्यात रॉयस दारात उगवला. हातात झुकिनीची पिशवी. सप्टेंबरात खोऱ्यातला प्रत्येक माणूस आपल्या परसातल्या झुकिन्या दुसऱ्याच्या गळ्यात मारायला टपलेला असतो.

"घ्या हो, कोवळ्या आहेत."

"कोवळ्या कसल्या, होडी होईल एकेकीची," डेल म्हणाला. मग रॉयसच्या ट्रकचं टायर, त्याच्या जावयाचा आळस, असं सगळं होऊन रॉयस गेला. डेल बाकाकडे वळला, पुढच्या ओळीपासून दारू ओतून मोकळा झाला आणि त्याने पहिली गोळी उचलली.

"बॅटरी," लव्हॉन म्हणाली.

"आं?"

"गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून प्रत्येकीत बघायचं. मघाशी तूच सांगितलंस ना?"

"बघितलं की."

"नाही बघितलंस, डेल."

तो काही खेकसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने बॅटरी उचलली. पहिली ओळ ठीक, दुसरी ठीक. तिसऱ्या ओळीतल्या सगळ्या पुंगळ्यांचे तळ लख्ख दिसत होते. दारूचा एक कण नाही. त्यातली एक उचलून त्याने तळहातावर उपडी केली.

"काल," तो म्हणाला, "तुझा खांदा..."

"खांद्याला काही धाड भरलेली नाही."

"आणि तू गप्प बसलीस? त्याच डब्यातली मी उद्या झाडली असती तर?"

"तो डबा पिठाच्या बरणीमागे आहे. तुझा जन्म गेला असता, पण पिठाला हात लावला नसतास."

डेल हसला नाही. "तुझ्या तोंडाशी होती ती रायफल," तो म्हणाला, आणि त्याने बॅटरी विझवली. लव्हॉनला रडू आलं, आणि का कोण जाणे, त्या झुकिन्यांचाही भयंकर राग आला.

डेलने गॅरेजला कुलूप लावलं. दोनदा तो गावातल्या दुकानात काडतुसं आणायला गेला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला. शेवटी सूप पिता पिता म्हणाला, "मी यंदा एल्कला जात नाही."

"का? त्यांनी आमंत्रण नाही पाठवलं?"

"लव्हॉन, नको."

तिने पुढे वाद घातला नाही. भांडी विसळली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि सरळ गॅरेजमध्ये गेली. रेडिओ बंद, बाकावर एकच डबा, बॅटरी एकदा नाही, दोनदा. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं. तरफेचा खट्ट आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात होता, आणि तिथे डेल थंड सुपासमोर बसून एकेक खट्ट ऐकत होता. तो उठून आला नाही, आणि तिनेही त्याला हाक मारली नाही.

पुढच्या शनिवारी मैदानावर तिने डबा त्याच्यासमोर ठेवला. डेल दुकानात गेल्याचं रॉयसच्या कानावर आलं होतं. तो लगेच मान लांब करून पुढे आला.

"डेल सोरेनसन आणि दुकानातली काडतुसं? आता जग बुडणार!"

"दुकानातली नाहीत."

"मग कुणाची?"

"हिची."

रॉयसचं हसू मावळलं. शेजारच्या दोन बाकांवरच्या माणसांनी आपल्या रायफली खाली ठेवल्या. डेलने पहिलं काडतूस उचललं. सवयीने ते हलवून बघायला कानाशी नेलं, आणि न हलवताच हात खाली आणला. काडतूस रायफलीत सरकवलं, खटका बंद केला आणि गाल टेकवला.

लव्हॉन मनातल्या मनात पुंगळ्या मोजायला लागली. दारू ओतली होती ना? सगळ्यांत? दोनदा बघितलं होतं, तिसऱ्यांदा का नाही बघितलं? डेलचे पांढरे कल्ले, चष्म्याची वाकलेली दांडी, आणि त्याला चिकटून ते लोखंड. आणि तिला एकदम कळलं, की चाळीस वर्षं आपण गाल टेकवला की हा माणूस शेजारी असाच श्वास धरून उभा राहत असणार, आणि आपल्याला वाटायचं हा वाऱ्याचा अंदाज घेतोय.

धडाम.

"खाली आणि डावीकडे!" रॉयस दुर्बिणीतून ओरडला. "वीतभर!"

"काडतुसाचा काही दोष नाही त्यात," लव्हॉन म्हणाली.

डेलने खटका ओढून रिकामी पुंगळी काढली. मागे वळून न बघता त्याने तळहात तिच्यापुढे केला.

"दुसरं दे."