हौदातली दोरी

वहिनी धाकट्या दिराशी सोळा वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आज कालव्यावर आल्या त्याही बोलायला नव्हे, ऐकायला. त्यांना एकच वाक्य हवं होतं: माझं चुकलं. ते त्याने तोंडाने म्हणावं, मग पुढचं पुढे. दीर येत्या आठवड्यात निवृत्त होऊन लांब बहिणीकडे कायमचा राहायला जाणार होता. आज नाही तर कधीच नाही, असं म्हणून लेकीने सुट्टी काढली आणि गळ घालघालून आईला आणलं.

कालवा मात्र देखणा होता. दोन्ही काठांना उंच झाडं, मधे संथ हिरवं पाणी, आणि आपल्याच तोऱ्यात चाललेली बदकं. लोक रमतगमत चालत होते, फोटो काढत होते. नवरा गेला त्या जागी लोक डबे उघडून बसतात, याचा वहिनींना राग येत होता. यात त्या लोकांचा काही दोष नाही हे कळत असल्यामुळे तो जास्तच येत होता.

घडलं होतं ते असं. कालवा एका जागी पायरीसारखा खाली उतरतो. तिथे दगडी हौद आहे, दोन्ही टोकांना जाड लाकडी दारं. नाव आत घ्यायची, दार लावायचं आणि पाणी सोडायचं. पाणी उतरेल तशी नाव खाली जाते, मग पुढचं दार उघडतं. तेव्हा हौदावर दीरच कामाला होता. भाऊ, वहिनी आणि चार वर्षांची पुतणी भाड्याची नाव घेऊन हौसेने आले, आणि पाणी उतरता उतरता नाव कलंडली. मायलेकींना दिराने ओढून काढलं. भाऊ नावेखाली राहिला.

चौकशीत दिराने मान खाली घालून सांगितलं, पाणी मीच जोरात सोडलं. त्याला हौदावरून काढून शेवाळ उपसायला लावलं. साहेबांपुढे खाली जाणारी ती मान आपल्यापुढे मात्र कधी गेली नाही, हे वहिनींना सलत होतं. त्यांनी त्याचं नाव टाकलं.

दीर खालच्या बाजूला, चहाच्या टपरीपाशी भेटणार होता. तासभर चालून झाल्यावर लेक म्हणाली, हौदातून नावेनेच खाली जाऊ, मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. वहिनी आधी नको म्हणाल्या, मग बसल्या.

हौदात शिरल्यावर नाववाल्याने दोरीचा काठावरच्या खुंटाला वेढा दिला आणि टोक वहिनींच्या हातात दिलं. "नुसती धरायची. पाणी उतरेल तशी सोडत जायची. बांधायची नाही." वहिनींनी मान डोलावली. पाणी उतरू लागलं. लेकीने थर्मास पुढे केला, झाकण घट्ट बसलं होतं, त्याला दोन हात लागणार होते.

वहिनी वीस वर्षांहून जास्त काळ लॉन्ड्रीत धुतलेल्या कपड्यांची गाठोडी बांधत आल्या होत्या. दोन वेढे, खालून एक पीळ आणि हिसका. ती गाठ कुणाला सुटायची नाही, कापावीच लागायची, यावरून दुकानात त्यांची चेष्टा चालायची. हाताने नावेच्या कडीला तीच गाठ कधी मारली, ते त्यांना कळलंही नाही.

पाणी उतरत गेलं आणि नाव बांधलेल्या बाजूने वर लटकली. थर्मास घरंगळला, लेकीने काठ धरला. नाववाल्याने गाठ सोडवून पाहिली, सुटेना, मग कमरेची सुरी काढून दोरी कापली. नाव धप्पकन सरळ झाली. कुणाला काही झालं नाही. नाववाला बडबडत होता, वहिनींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या कडीला राहिलेल्या गाठीकडे बघत होत्या. त्या दिवशी पोर बदकाकडे वाकली होती, तिला आवरायला दोन हात लागले होते. दोरी आपण धरून होतो, असं त्या सोळा वर्षं सांगत आल्या होत्या. खोटं बोलत नव्हत्या, तसंच त्यांना आठवत होतं.

टपरीपाशी दीर बाकावर बसला होता, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून. त्यांना बघून तो उठला. लेक चहा आणायला गेली.

"भावजी, त्या दिवशी दोरी तुम्ही कापलीत ना?"

"हो."

"गाठ होती?"

"जाऊ द्या, वहिनी."

"होती का?"

"मी ती कडीवरून कापून कुणी बघायच्या आत पाण्यात टाकली. पोरीचा बाप गेला होता. आईमुळे गेला, हे घेऊन ती कशी वाढली असती? आणि तुम्ही तरी कशा जगला असता?" मग हळूच म्हणाला, "साहेबांपुढे खोटं बोललो. तुमच्यापुढे नाही जमलं."

लेक तीन कप सांभाळत आली. दिराने वहिनींकडे बघून नकारार्थी मान हलवली. वहिनींना भीती वाटली, खरीखुरी, हौदात वाटली होती त्याहून मोठी. आठवड्याने हा माणूस निघून जाणार होता आणि आपण गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"त्या दिवशी दोरी मी बांधली होती," त्या लेकीला म्हणाल्या. "काकांनी काही केलं नव्हतं."

लेकीने कप बाकावर ठेवले. आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"लहानपणी मी विचारायचे, काका आपल्याकडे का येत नाहीत. तू काय सांगायचीस, आठवतं?"

वहिनींना शब्दन् शब्द आठवत होता. "त्याने तुझ्या बाबांना मारलं, असं सांगायचे," त्या म्हणाल्या. दिराच्या तोंडावर हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.