भाग सहाचा स्क्रीनशॉट

‘आपण अजून पाहत आहात का?’ असं पडद्यावर पुन्हा उमटलं, तशी अल्मासबाईंनी शेजारी बसलेल्या ज्ञानेश्वरी नावाच्या पोरीच्या पुस्तकावरचं बोट उचललं आणि माऊसनं ‘होय’ दाबलं. व्हिडिओ पुढं सुरू झाला. बोट पुस्तकावर परत येईपर्यंत पोरीची ओळ हरवली होती. तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं.

प्रशिक्षणाचा विषय होता, मुलांना वाचायला कसं शिकवावं. कडक इस्त्रीच्या साडीतल्या मार्गदर्शक बाई सांगत होत्या की मुलाला जवळ बसवा, घाई करू नका, ओळीवर त्याच्याबरोबर बोट ठेवा. अल्मासबाई नेमकं तेच करत होत्या आणि हा व्हिडिओच त्यांना ते करू देत नव्हता. तो पुढं ढकलता येत नसे. ‘होय’ दाबायचं राहिलं तर पहिल्यापासून सुरू होई. शेवटी नावासकट ‘शंभर टक्के पूर्ण’ अशी पाटी आली, की त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून बाराच्या आत केंद्रप्रमुखांच्या कार्यालयाला ईमेल करायचा. आसपासच्या शाळांतले सगळे शिक्षक आवाज बंद करून ‘होय’ दाबत बसत. शिकत कुणीच नव्हतं, पण स्क्रीनशॉट मात्र वेळच्या वेळी जात होते.

श्रीगोंद्याच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातली ही दोन शिक्षकांची वस्तीशाळा. ज्ञानेश्वरी ऊसतोड टोळीबरोबर बीडकडून आलेली. दिवाळीनंतर ती वर्गात आली तेव्हा तिला स्वतःच्या नावातलं अक्षरही ओळखता येत नव्हतं. आता ती जोडाक्षरांपाशी येऊन अडखळत होती, आणि उद्या कारखान्याचा पट्टा पडणार होता. पट्टा पडला की गाळप बंद आणि टोळी गावाकडं. तिकडं ही पोर शाळेत जाईल की भावंडं सांभाळत बसेल, देव जाणे. वाचणं आत्ता अंगात मुरलं नाही, तर सगळं केलेलं पाण्यात जाणार होतं.

पडद्यानं पुन्हा विचारलं.

“बाई, ही सारखं काय इचारती?” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“मी बघतेय का, ते विचारते.”

“मंग बघताव का?”

“नाही.”

“मंग तसं सांगा की तिला.”

अल्मासबाईंचा हात माऊसवर तसाच राहिला. मग त्यांनी व्हिडिओ बंद केला. ब्याऐंशी टक्के झालेला व्हिडिओ, पण बंद केला. एक कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड पोरीपुढं सरकवला. बटणांवर मराठी अक्षरं त्यांनीच कधीतरी चिकटवली होती.

“तूच लिही. काय चाललंय इथं, ते लिही.”

ज्ञानेश्वरी एकेका अक्षरासाठी सगळा कीबोर्ड पालथा घालत होती. बाईंनी घाई केली नाही. शेवटी पडद्यावर उमटलं, ‘बाई मला वाचायला शिकवतात’. बाईंनी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला, ईमेलला जोडला, विषयात ‘भाग सहाचा स्क्रीनशॉट’ लिहिलं आणि पाठवून दिला.

पलीकडच्या वर्गातून अवधूत सर डोकावले. शाळेचे मुख्याध्यापक तेच. माणूस सज्जन, पण वरून कागद आला की घाम फुटणारा.

“मॅडम, गेला का मेल?”

“गेला.” बाईंनी पडदा त्यांच्याकडं वळवला.

सरांनी तो वाचला आणि चष्मा काढून हातात धरला.

“हे पाठवलंत? अहो, नोटीस येईल. तुमची वेतनवाढ अडवतील.”

“अडवू द्या.”

बोलताना आवाज ठाम होता, पण घरी जाताना स्कूटरवरच बाई नोटिशीला द्यायचं उत्तर रचायला लागल्या. रात्रीपर्यंत त्यांनी ते मनात दहादा बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राकडून उत्तर आलं. ‘आपला स्क्रीनशॉट तपासला. भाग सहा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.’ सोबत प्रमाणपत्र होतं, आणि त्यावर अल्मास शेख हे नाव सुरेख वळणदार अक्षरात.

अवधूत सर खांदे हलवून हसायला लागले. “सुटलात, मॅडम. उघडूनच बघत नाहीत लेकाचे. आता गप्प राहा आणि दर भागाला असंच काहीतरी पाठवा.”

बाईंना हसू आलं नाही. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर अशा एकेका प्रशिक्षणासाठी वर्गाकडं पाठ करून त्या या पडद्यापुढं बसल्या होत्या, आणि पलीकडं बघायला कुणीही नव्हतं. शिक्षा झाली असती तरी परवडलं असतं. हे अभिनंदन त्यांना सहन होईना. त्यांनी ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबलं. आसपासच्या सगळ्या शाळांचे पत्ते त्यात होते.

“सगळ्यांना कशाला?” सरांचं हसू थांबलं.

‘मी भाग सहा पूर्ण केलेला नाही. कालचा स्क्रीनशॉट पुन्हा जोडला आहे, कृपया उघडून पाहावा. प्रमाणपत्र परत करत आहे.’ एवढं लिहून बाईंनी ते पाठवलं आणि ज्ञानेश्वरीला हाक मारली. दुपारी टोळी निघणार होती. कोपीवर, टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, सामान बांधायचं सोडून पोर वही घेऊन आली होती. बाकीच्या मुलांना पाढे लिहायला सांगून बाई तिला श्रुतलेखन घालू लागल्या.

दोन वाक्यं झाली असतील, तोच फोन वाजला. केंद्रप्रमुख शामकांत साहेब होते. हातात खडू असल्यानं बाईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“मॅडम, हा काय प्रकार आहे? सगळ्या केंद्रात गेलंय ते.”

“उघडलंत का, सर?”

“उघडलं. आता मला नोटीस काढावी लागेल. तुम्हीच आणलीत ही वेळ.”

“काढा ना. फक्त त्यात कारण स्पष्ट लिहा.”

“कारण म्हणजे... प्रशिक्षणात हलगर्जीपणा.”

“तसं नको, सर. झालं ते लिहा. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या.” बाई टेबलापाशी वाकल्या. वर्गात श्रुतलेखन घालतात तसं एकेक शब्द सुटा करून त्या सांगू लागल्या. “शाळेच्या. वेळेत. ही बाई. व्हिडिओ न बघता. मुलीला. वाचायला. शिकवत होती.”

दारात अवधूत सर उभे होते. आत यावं की परत जावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

“सर, लिहिलंत का?” बाईंनी फोनकडं वाकून विचारलं.



बाकावर ज्ञानेश्वरी वहीवर वाकून भराभर लिहीत होती. शेवटच्या शब्दाला तिनं वेलांटी दिली, पुढं टिंब दिलं आणि मान वर केली.

“मपलं झालं, बाई. फुडं सांगा.”