माणूस पश्चिमेला, मेंढरं पूर्वेला

सियेरा डोंगररांगेतल्या राखीव जंगलात मेंढरं घुसवणाऱ्याला १९०३ साली कायद्यात शिक्षाच नव्हती. नुसतं हद्दीबाहेर काढायचं. म्हणून तिथे पहाऱ्यावर असलेल्या काळ्या शिपायांच्या पलटणीतल्या घोडेस्वारांनी एक रीत पाडली होती. मेंढरं पूर्वेच्या एखाद्या घाटातून बाहेर हाकायची आणि मालकाला पाच दिवस चालवत पश्चिमेला नेऊन सोडायचं. मध्ये अख्खा डोंगर. तो वळसा घालून पोचेपर्यंत निम्मा कळप अस्वलांच्या पोटात, उरलेला रानोमाळ.

त्या जुलैत दोन हजार मेंढरांसकट हार्लन क्रॉली सापडला. सार्जंट एलिशा ग्रँडिसनने त्याला बघताक्षणी ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये एलिशाचा धाकटा भाऊ ज्यूबल क्रॉलीला वाट द्यायला फुटपाथवरून खाली रस्त्यात उतरला नाही, एवढ्यावरून क्रॉलीने त्याला गोळी घालून मारलं होतं. खटल्यात गोऱ्या पंचांनी तोंडातला पाइप विझायच्या आत त्याला निर्दोष सोडलं. क्रॉलीला मात्र एलिशाची ओळख पटली नाही.

कॉर्पोरल टॉलिव्हरला सगळं ठाऊक होतं. "दरी खोल आहे, सार्जंट," तो हळूच म्हणाला. "पाय घसरला म्हणू. इथवर चौकशीला कोण मरायला येतंय?"

"मेल्यावर त्याला काय कळणार? जगू दे. चांगलं शंभर वर्षं जगू दे."

टॉलिव्हर मेंढरं घेऊन गेला. एलिशा घोड्यावर, क्रॉली पायी, अशी वरात निघाली. पहिले दोन दिवस क्रॉली काळ्यांना घोडे देणाऱ्या सरकारचा उद्धार करत होता. तिसऱ्या दिवशी टाचा फुटल्या आणि 'ए काळ्या'चं 'सार्जंटसाहेब' झालं. चौथ्या दिवशी तो रडला. घरदार विकून हा कळप घेतला होता म्हणे. एलिशाला आनंद झाला, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही. आपल्या वाटणीच्या शेंगाही त्याने क्रॉलीला खाऊ घातल्या. तो धडधाकट पोचायला हवा होता.

हद्दीवर एलिशाने क्रॉलीची काढून घेतलेली बंदूक गोळ्या काढून त्याला परत दिली.

"कुठल्या घाटातून काढली तेवढं सांगा," क्रॉली म्हणाला. "पाया पडतो."

मग एलिशाने आपण कोण ते सांगितलं. क्रॉलीचा चेहरा उतरला. तेव्हा तरुण होतो, प्यायलो होतो, माफ करा, असं तो पुटपुटू लागला.

"माफी ठेव तुझ्यापाशी. माझ्या भावाचं नाव सांग. लगेच घाट सांगतो."

आणि त्याने सांगितलाही असता. दिल्या शब्दाचा तो पक्का होता. खटल्यात ते नाव क्रॉलीच्या तोंडावर किती वेळा वाचलं गेलं होतं. क्रॉलीने ओठ चाटले. एक नाव घेतलं, मग दुसरं. एलिशाने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली, घोडा वळवला आणि चालता झाला. मागे क्रॉली लंगडत, सुचतील ती नावं ओरडत येत होता. त्यात ज्यूबल कुठेच नव्हता.