पंखा फिरताना

डिचोलीच्या लग्नांत दत्तप्रसादचं नाव होतं ते अक्षतांमुळे. अंतरपाट दूर झाला की अक्षता उडत, आणि त्याच्या फोटोत दाणा न दाणा हवेत थांबलेला दिसे. इतर फोटोग्राफर त्यावर जळत, आणि ते जळतात हे दत्तप्रसादला चांगलं ठाऊक होतं. ही करामत मानली नव्हती एकाच माणसाने: मांद्र्याचे सासरे कृष्णनाथ. वीस वर्षांत जावयाच्या अल्बमांवर त्यांचा अभिप्राय एकच, "कागद बरो आसा."

मोपाच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, शनिवार-रविवार जुन्या लष्करी विमानांची प्रात्यक्षिकं होणार असं समजलं, आणि सासऱ्यांनी आपणहून बोलावणं धाडलं. कृष्णनाथ तरुणपणी विमानदलात फिटर होते. नवशिके वैमानिक ज्यावर शिकत, त्या पिवळ्या हार्वर्ड विमानांची इंजिनं त्यांच्या हाताखालून जात. आता ऐंशी उलटलेली, खुबा मोडलेला, खाटेवरून हलणं नाही.

"दत्तप्रसादबाब, म्हजां एक काम कर. तां विमान उडतना एक फोटो काड. हंय, खाटेसमोर लावूया. माका तां एकदा उडतना बघपाचां आसा."

त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिलीच मागणी. तसा माणूस विचित्रच. वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, पण सही करायचा नाही. तीस वर्षं खाणीवर ट्रकांची इंजिनं खोलली, पगारपत्रकावर अंगठा, बँकेत अंगठा, लेकीच्या लग्नाच्या नोंदणीतही अंगठा. गावाने ठरवून टाकलं होतं की म्हातारा कधीतरी जमिनीच्या कागदावर फसलेला असणार. गावाला एवढं कारण पुरतं.

शनिवारी दत्तप्रसाद सड्यावर पहिल्या रांगेत होता. हार्वर्ड घरघरत डोक्यावरून गेलं. त्याने शटर ठेवलं ते अक्षतांसाठी ठेवतो तेवढंच वेगवान. संध्याकाळी पाटाएवढा फोटो छापून तो मांद्र्याला पोचला. अंगावरचा खिळा न खिळा मोजून घ्यावा, असा स्वच्छ फोटो.

बायकोने, सुविधाने, तो वडिलांसमोर धरला. कृष्णनाथांनी चष्मा लावला. त्यांची नजर विमानाच्या नाकावरच्या पंख्यावर थांबली.

"पंखो उबो आसा."

"उबो न्हय, मामा. मी थांबवलाय तो. तेच तर कौशल्य आहे."

"जमिनीर उबो आसलो तर बरो. मळबात उबो आसलो म्हणजे इंजिन बंद." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "काड तो हंयसून."

"वीस वर्सांनी काय एक मागलां तुमच्याकडे," सुविधा पुटपुटली आणि फोटो उलटा करून घेऊन गेली.

दत्तप्रसाद खाटेपाशी बसून राहिला. अपमान झाला होता, पण उठवेना. थोड्या वेळाने म्हातारा भिंतीशीच बोलावं तसा बोलू लागला. एकवीस वर्षांचा एक पोरगा होता, अनंत नावाचा, शिकाऊ. सकाळी कृष्णनाथांनी इंजिन तपासलं, उडल्या-उतरल्याच्या वेळा भरायच्या फॉर्मवर सही केली. फिटरची सही बघितल्याशिवाय वैमानिकाने विमानात चढायचं नाही, असा नियम. पोराने सही बघितली, हसला, चढला. पाऊण तासाने विमान तळावर परत आलं ते आवाजाशिवाय. वर बघितलं तर पंखा असाच, उभा. तळाच्या कुंपणापलीकडे ते पडलं.

"चौकशीत म्हजो दोष निघूंक ना," कृष्णनाथ म्हणाले. "पण ताणें म्हजी सही बघून विमान घेतलां."

मुदत संपताच त्यांनी नोकरी सोडली होती.

रविवारी दत्तप्रसादने शटर मंद केलं. आयुष्यभर जे थांबवायला शिकला, ते आज फिरू द्यायचं होतं. आणि मंद शटरला हात जरा चुकला की सगळंच पुसून जातं. पहिल्या फेरीत नुसते पिवळे फराटे आले. शेजारी पणजीचा एक विमानवेडा लांबलचक लेन्स लावून उभा होता. तो गालात हसला.

"पात्रांव, लग्नाचे दिसता! हंय न्हवरो-व्हंकल ना रे, स्टेजवर थांबपाक. विमानावांगडा कमरेत फिर!"

दत्तप्रसादने ऐकलं. तोही कमरेत फिरू लागला. विमान डावीकडून आलं की श्वास धरायचा, त्याच्याबरोबर वळायचं, ते गेल्यावरही वळत राहायचं. चारशेच्या वर फोटो झाले. कामाचा एकच निघाला: शेपटीवरचा आकडा स्पष्ट, वैमानिकाचं डोकं स्पष्ट, आणि नाकाशी एक पुसटसं वर्तुळ, ज्याच्या आरपार आभाळ दिसत होतं.

दुपार उतरता तो मांद्र्याला आला. या खेपेस फोटो त्याने स्वतःच धरला, आणि कौशल्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

कृष्णनाथांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोट त्या वर्तुळाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. पंख्याजवळ हात न्यायचा नाही, ही जुनी सवय असावी.

"फिरता," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन मागितलं. सुविधा शाईची पेटीही घेऊन आली, अंगठ्यासाठी. त्यांनी ती बाजूला सारली आणि फोटो पालथा करून मांडीवर घेतला.

"कितक्या वाजता उडलां?"

"अकरा वाजून धा."

ते त्यांनी लिहिलं. आकडे सरळ रेषेत पडत होते.

"आनी देंवलां?"

"साडेअकराक."

"बरां देंवलां?"

"बरां देंवलां, मामा. माझ्या डोळ्यांनी बघितलं. वैमानिक उतरून चालत गेला."

त्यांनी तीही वेळ लिहिली, आणि खाली सही केली.